डावा मुंढा

मंगळवार, ४ फेब्रुवारी

आजपासून पुन्हा डायरी. मागची डायरी बंद पडली, कारण ती सासूबाईंना सापडली. त्यांच्याविषयी लिहिलेल्या चार खऱ्या गोष्टींचं त्यांना काही वाटलं नाही, पण त्यांनी पेन्सिलीने माझ्या वेलांट्या सुधारून ठेवल्या होत्या. हा अपमान मी विसरलेले नाही. म्हणून या वेळी मापाच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहितेय. मापाच्या वहीला माझ्याशिवाय कोणी हात लावत नाही. गिऱ्हाइकांच्या कमरा हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात मोठं गुपित.

लिहायला कारण आहे. मोठ्या दवाखान्यातल्या नर्सेसच्या गणवेशाचं काम आम्हाला मिळालं. बेचाळीस टॉप. अकरा वर्षं या पुढच्या खोलीत दोन मशिनं, एक कापायचं टेबल आणि कपडे घालून बघायला एक पडदा एवढ्यावर मी दुकान चालवलं. आता पहिल्यांदा वाटतंय की आपण दुकान नाही, कारखाना आहोत. कापणं आणि शिवणं माझं, काज-बटण आणि कडेचं हेम सासूबाईंचं. त्यांना सांगितलं तर म्हणाल्या, "बेचाळीस गुणिले पाच बटणं. माझ्या डोळ्यांचा विचार केलास का?" आणि लगेच चष्मा पुसायला घेतला.

त्यांचा चहा हल्ली नुसता पाक असतो. सांगायची सोय नाही.

रविवार, ९ फेब्रुवारी

प्रत्येकीचं माप द्यायला दवाखान्याला वेळ नाही. लहान, मध्यम, मोठा, असे तीन आकार हवेत. तिन्ही आमच्या पुठ्ठ्याच्या साच्यावरून निघतात. तो साचा मी दुकान उघडलं तेव्हा स्वतःच्या अंगावरून काढलेला. माझं अंग म्हणजे या दुकानाचं मध्यम माप. मला याचा अभिमान आहे आणि नवऱ्याने यावर केलेले सगळे विनोद मला पाठ आहेत.

आज त्यावरून नमुन्याचा टॉप शिवला आणि घातला, तर डाव्या बगलेत रुतला. उजवीकडे ठीक. साचा तपासला. अकरा वर्षांत पुठ्ठा वाकतो, कडा झिजतात, त्यात नवल नाही. नवा काढायला घेतला. आपलं माप आपणच घ्यायचं म्हणजे टेप उजव्या हातात, माप डाव्या बाजूचं. साचा तसाही अर्ध्या अंगाचाच काढतात, कापड दुमडून कापलं की दोन्ही बाजू सारख्या येतात. मुंढा, म्हणजे बाही जिथे जोडतात ती गोलाई, पाऊण इंच खाली घेतला आणि जरा फुगीर केला. आता डावीकडे असा बसतो की काय सांगू. उजवीकडे थोडी हवा खेळते. नर्सेसना दिवसभर धावपळ असते, खेळू दे हवा.

चार दिवस चहात साखर बेताची पडतेय. वय वाढलं की माणूस सुधारतं ते असं.

गुरुवार, २० फेब्रुवारी

एकोणीस टॉप कापून झाले. आज कामाचं लिहायचं नाही, दुसरं लिहायचंय. चार दिवस पेन उघडून बंद करतेय.

माझ्या डाव्या काखेत काहीतरी आहे. मऊ आहे, लिंबाएवढं, दाबलं की हलतं. पाळी जवळ आली की फुगतं आणि असं ठणकतं की हात अंगाला टेकवून ठेवता येत नाही. पाळी झाली की उतरतं, पण जात नाही. दोन वर्षं झाली. कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला गुदगुल्या होतात असं सांगून ठेवलंय.

आणि का सांगत नाही तेही लिहिते, इथे कोण वाचायला बसलंय. याच वहीत पुढे एका बाईंचं पान आहे. दर वर्षी दोन ड्रेस शिवायच्या, हसऱ्या होत्या. एका वर्षी त्यांचं माप एका बाजूने बदललेलं माझ्या टेपला कळलं. मी काही बोलले नाही. गिऱ्हाइकाच्या अंगाबद्दल बोलायचं नाही, हा माझा नियम. गुपचूप एक शिवण सैल केली. त्यापुढच्या वर्षी त्यांची मुलगी आली, आईचे ड्रेस आपल्या मापाचे करून द्या म्हणाली.

कॅन्सर हा शब्द लिहायचा नव्हता. लिहिला. आता वही मिटते.

सोमवार, ३ मार्च

आनंदाची बातमी. माझा निळा ड्रेस, जो डाव्या बाजूने जीव घेत होता, तो आज अलगद अंगात गेला. मुद्दाम दोनदा काढून घातला. म्हणजे गाठ उतरतेय. कालपर्यंत मी मनातल्या मनात नवऱ्याला दुसरी बायको शोधत होते (बुटकी आणि शिवण न येणारी), ते काम आज बंद केलं.

शिवणीत एका ठिकाणी गडद दोरा दिसला. मी तो कधी वापरला आठवत नाही. बेचाळीस टॉपांच्या नादात माझं डोकं ठिकाणावर नाही.

सासूबाईंनी मात्र नवीन खूळ काढलंय. त्यांचा गुडघा दुखतो. मोठ्या दवाखान्यात दाखवायचा आहे आणि बरोबर मीच हवी. "मुलाला घेऊन जा ना," म्हटलं तर म्हणाल्या, "तो काय गुडघ्यातलं समजतो? बायकांचं बायकांना कळतं." गुडघ्यात बायकांचं काय असतं देव जाणे. पुढच्या आठवड्यात जाऊ म्हटलं. त्या चिडून ताडताड जिना चढून गेल्या.

बुधवार, १२ मार्च

बेचाळीस टॉप इस्त्री करून, घड्या घालून पोचवले. दवाखान्याच्या मोठ्या सिस्टर, म्हणजे सगळ्या नर्सेसच्या वरच्या, यांनी स्वतः मोजून घेतले. बाई अशा की त्यांच्यासमोर उभं राहिलं की आपली नखं कापलेली आहेत ना हे बघावंसं वाटतं. एका टॉपची शिवण उलटी करून पाहिली आणि म्हणाल्या, "हात स्वच्छ आहे तुमचा." मी घरी येईपर्यंत जमिनीला पाय लागले नाहीत.

सासूबाई म्हणाल्या, "तिथपर्यंत गेलीस आणि तशीच परत आलीस?" मी म्हटलं, मग काय तिथे राहू? त्या दिवसभर बोलल्या नाहीत. मला वाटतं बटणांचं कौतुक कोणी केलं नाही म्हणून.

शुक्रवार, २८ मार्च

मोठ्या सिस्टरांचा फोन. जसा आला तसा लिहून ठेवते.

"तुम्ही टॉप शिवलेत की उशांचे अभ्रे?"

मी म्हटलं, काय झालं?

"माझ्या मुली सलाईनची बाटली लावायला हात वर करतात. हाताबरोबर अख्खा टॉप वर येतो. पार बेंबीपर्यंत. पुरुषांच्या वॉर्डात सलाईनची मागणी वाढलीय."

हसू आवरलं नाही, आणि ते त्यांना ऐकू गेलं. आता त्या स्वतः येणार आहेत. पुढच्या वर्षीचं काम द्यायचं की नाही ते आल्यावर ठरवू म्हणाल्या.

मी साचा चार वेळा तपासला. साच्यात चूक नाही. मी अंगात घातलेला नमुन्याचा टॉप चपखल बसतो. नर्सेसनाच नीट उभं राहता येत नसेल.

आज पुन्हा ठणका आहे. गाठ उतरलीय तर ठणकते कशाला, हे मी स्वतःला विचारलं आणि उत्तर द्यायच्या आत मशीन सुरू केलं.

सोमवार, ७ एप्रिल

आज जे झालं ते सरळ लिहायला जमेल असं वाटत नाही.

मोठ्या सिस्टर सकाळी आल्या. खुर्चीवर बसल्या नाहीत. टेबलावर तीन टॉप टाकले आणि म्हणाल्या, "बोला." मी तयारीत होते. म्हटलं, सिस्टर, मुंढ्यात दोष असता तर मलाही बोचला असता. थांबा, दाखवतेच. पडद्याआड जाऊन नमुन्याचा टॉप घालून आले आणि त्यांच्यासमोर एखाद्या राणीसारखी गिरकी घेतली.

त्यांनी मला हात वर करायला लावले. टॉप वर गेला, पण उजव्याच बाजूने. मला स्वतःला हे आजवर दिसलं नव्हतं, कारण मी आरशात नेहमी डावीकडेच बघते. त्या माझ्याभोवती हळूहळू एक फेरी मारून आल्या.

"डावीकडे कातडीसारखा बसलाय," त्या म्हणाल्या. "उजवीकडे माझी पर्स मावेल. दोन्ही मुंढे सारखेच कापलेत ना?"

"हो. एकाच घडीतून."

"साचा कोणाच्या अंगावरून?"

"माझ्या."

"कुठल्या बाजूने?"

मला तेव्हा कळलं. अकरा वर्षं कापतेय, दुसऱ्याच्या खांद्यातला पाव इंचाचा फरक मला रस्त्यावरून चालताना दिसतो, आणि मी माझ्या काखेतली गाठ बेचाळीस नर्सेसना वाटून आले होते.

"डावा हात वर करा. टॉप काढून," मला पडद्याआड नेत सिस्टर म्हणाल्या.

मी म्हटलं, गरज नाही, ती आता कमी होतेय. पडद्यापलीकडून सासूबाईंचा आवाज आला, "कमी झालेली नाही. वर कर गं हात."

सिस्टरांची बोटं बराच वेळ फिरत होती. त्या काही बोलत नव्हत्या, आणि न बोलणारी नर्स फार वाईट. शेवटी एवढंच विचारलं, "कधीपासून?" मी दोन वर्षं म्हटलं. त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही दवाखान्याचे कपडे शिवता." मग माझा टॉप स्वतः माझ्या अंगावर नीट केला. "गुरुवारी नऊ वाजता या. मी डॉक्टरांना सांगून ठेवते. टॉपचं मग बघू."

त्या गेल्यावर मी पडद्याआड बसून रडले. सासूबाईंनी दुकानाचं दार लावून घेतलं आणि बाहेर बसून राहिल्या. आत आल्या नाहीत, हे बरं केलं.

गुरुवार, १० एप्रिल

सोनोग्राफी झाली. सुईने नमुना घेतला. रिपोर्ट पुढच्या गुरुवारी.

नवरा ड्रायव्हिंग शिकवतो. शिकाऊ माणूस चाक हातात घेतो तेव्हा नवऱ्याचा पाय कायम आपल्या बाजूच्या ब्रेकवर. आज दवाखान्याच्या बाकावर बसून तो सगळा वेळ फरशीवर ब्रेक दाबत होता. मी आत जाताना म्हणाला, "आरामात जा. घाई नाही. मागून कोणी येत नाहीये." एरवी मी याची नक्कल करून चार जणींना हसवलं असतं.

सुईची वाट बघताना सासूबाई माझ्या शेजारी बसल्या. म्हटलं, आलोच आहोत तर तुमचा गुडघाही दाखवून घेऊ.

"गुडघ्याला काही झालेलं नाही माझ्या," त्या म्हणाल्या. "मी तुझी वही वाचते."

"कधीपासून?" मी विचारलं.

"पहिल्या दिवसापासून. चहाचं लिहिलंस तेव्हा वाईट वाटलं, पण बरोबर होतं. मग फेब्रुवारीतलं ते पान वाचलं. तुला सरळ विचारलं असतं तर तू वही लपवली असतीस आणि आलीही नसतीस. म्हणून गुडघा काढला. किती वेळा काढला, पण तुझं आपलं पुढच्या आठवड्यात."

"आणि निळा ड्रेस?"

"हात खाली करताना तुझं तोंड वाकडं व्हायचं. बघवेना. म्हणून शिवण उसवून सैल करून दिली."

मी म्हटलं, आई, मला वाटलं गाठ कमी झाली. म्हणून मी एक महिना गप्प बसले.

त्यांचा चेहरा एकदम उतरला. चष्मा काढला, पुसला नाही, नुसता हातात धरला. "म्हणजे माझ्यामुळे उशीर झाला?" त्यांनी दोनदा विचारलं. माझ्याकडे उत्तर होतं, पण ते त्या बाकावर बसून द्यायचं नव्हतं. त्यांचा राग येत होता आणि त्यांना मिठीही मारावीशी वाटत होती. मग सिस्टरांनी माझं नाव पुकारलं.

मंगळवार, १५ एप्रिल

काही नाही. दोन दिवस उरले. सासूबाई देवाशी भांडतायत, हळू आवाजात, बटणं लावता लावता. सिस्टर टाकून गेल्या ते तीन टॉप मी उसवले. नवऱ्याने माझ्या पुढ्यातली ताटली उचलून स्वतः धुतली, तेव्हा मात्र मी खरी घाबरले.

आई, तुम्ही हे वाचणार, म्हणून लिहिते. तुमच्यामुळे उशीर झालेला नाही. दोन वर्षं मी एकटीने केलेला उशीर आहे, त्यात तुमचा वाटा फार तर एका महिन्याचा. तो तुम्हाला सोडला.

गुरुवार, १७ एप्रिल

कॅन्सर नाही.

पुन्हा लिहिते. कॅन्सर नाही.

डॉक्टर बाई आहेत, तरुण, आणि चित्र काढून समजावतात. आपण आईच्या पोटात असताना काखेपासून जांघेपर्यंत दोन्ही बाजूंना एक रेघ असते, तिच्यावर कुठेही स्तन तयार होऊ शकतो. पुढे बाकीची रेघ विरून जाते, छातीवरचे दोन तेवढे राहतात. शंभरातल्या काही जणींचा थोडासा भाग काखेत राहून जातो. तो स्तनाचाच असतो, म्हणून पाळीच्या आधी फुगतो आणि दुखतो. मी म्हटलं, म्हणजे कापताना उरलेली कात्रण. डॉक्टर म्हणाल्या, हे मी आता सगळ्यांना सांगणार.

"म्हणजे हिला तिसरा आहे?" सासूबाईंनी विचारलं. दार उघडं होतं.

"तसंच म्हणा. पण याला टोक नाही."

नवऱ्याने ब्रेक सोडला आणि छताकडे बघायला लागला. त्याचे कान लाल झाले होते. लग्नाला तेरा वर्षं झाली, तो असा लाजलेला मी पहिल्यांदा बघितला. त्याबद्दल मी आयुष्यभर त्याला सोडणार नाही.

डॉक्टरांनी बाळंतपणाचं विचारलं. लेक झाली तेव्हा तिसऱ्या दिवशी काख सुजली होती का? सुजली होती. सासूबाईंनी चार दिवस शेकली होती, आणि दोघी ते साफ विसरलो होतो. तेव्हा त्यात दूध उतरलं होतं. इतकी वर्षं ते माझ्या काखेत गुपचूप आपलं काम करत होतं आणि मी त्याला मरणाचं निमित्त समजत होते.

फार दुखत असेल तर काढता येतं. पण व्रण राहील आणि काही आठवडे हात वर करणं जड जाईल. नाही काढलं तरी चालेल. मात्र छातीला जे होऊ शकतं ते त्यालाही होऊ शकतं, म्हणून दर वर्षी तपासायला यायचं आणि काही बदललं तर लगेच. "लगेच म्हणजे दोन वर्षांनी नाही," डॉक्टर म्हणाल्या. हे त्यांना मोठ्या सिस्टरांनी पढवलेलं होतं, मी ओळखलं.

सध्या राहू देणार आहे. माझं आहे, माझ्याबरोबर आलंय.

बाहेर आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "चला, नुसतं दूधच होतं." आणि तिथेच जिन्याच्या पायरीवर बसून रडल्या.

शनिवार, २६ एप्रिल

मोठ्या सिस्टरांनी निकाल दिला. सगळे टॉप दुरुस्त करून द्यायचे, बगलेत तिकोनी तुकडा जोडून मुंढा वर घ्यायचा, आणि पुढच्या वर्षीचं काम आम्हालाच. अट एकच, साचा माझ्या उजव्या बाजूवरून काढायचा. मी म्हटलं, सिस्टर, चूक तशी गणवेशाची नव्हती. त्या म्हणाल्या, "ती तुमची होती, म्हणून तर तुम्हालाच दुरुस्त करायला सांगतेय."

टॉप यायला सुरुवात झाली. सासूबाईंची बटणं मात्र एकही सुटलेली नाही, हे त्यांनी मला आज तीनदा सांगितलं. हे वाचून त्या चौथ्यांदा सांगतील.

सोमवार, ५ मे

एकेचाळीस टॉप आले. एक आला नाही. मोठ्या सिस्टरांना फोन केला, तर म्हणाल्या, धुलाईत हरवला असेल, सोडा. मी सोडला नाही. लहान आकारातला एक कमी आहे. बेचाळीस जणींच्या बगला सैल आहेत आणि त्यांतली एक जण तक्रार करत नाही, यावर मी दुपारभर विचार केला.

बुधवार, ७ मे

आज चार वाजता एक मुलगी आली. तेविसेक वर्षांची, नर्सच्या गणवेशात. म्हणाली, बटण सैल झालंय. सासूबाईंनी चष्मा लावून पाचही बटणं ओढून पाहिली.

"एकही सैल नाही," त्या म्हणाल्या. त्यांना अपमान वाटला होता.

"मग राहू दे," मुलगी म्हणाली आणि वळली. दारापर्यंत गेली आणि तिथून म्हणाली, "माझा मुंढा नका बदलू. एवढंच सांगायचं होतं. मला हा असाच बरा वाटतो. पहिल्यांदाच काहीतरी रुतत नाहीये."

मी विचारलं, "कुठल्या बाजूला?"

ती दारातून परत आत आली. मग म्हणाली, "उजव्या."

सासूबाई उठल्या, दुकानाचं दार लावून घेतलं आणि आतल्या खोलीत निघून गेल्या. गेली अकरा वर्षं प्रत्येक गिऱ्हाइकाचं बोलणं ऐकत बसलेली बाई आज स्वतःहून उठून गेली. मी मुलीला पडद्याआड नेलं. तिचे दोन्ही हात छातीशी घट्ट बांधलेले होते. मी माझा कुर्ता खांद्यावरून उतरवला, डावा हात वर केला आणि म्हटलं, तू नर्स आहेस ना, आधी माझी तपास. तिची बोटं गार होती. तिने नीट, शिकवल्यासारखं तपासलं. डॉक्टरांनी काढलेलं चित्र मी तिला वहीत काढून दाखवलं, ती रेघ, ते राहून गेलेलं. हे असंच असेल असं मी म्हणत नाही, म्हटलं, पण असंही असू शकतं. ते बघणारी डॉक्टर तुझ्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर बसते. तिने मान हलवली. तिला मजला माहीत होता. रोज त्या दारावरून जाते म्हणाली.

मग तिने हळूच हात सोडवले.

मी विचारलं, "किती दिवस झाले?"

"नववीत होते तेव्हापासून."

"कोणाला सांगितलंस?"

"आत्ता तुम्हाला," ती म्हणाली.

उद्या सकाळी दुकान बंद. मी तिच्याबरोबर जातेय.